नवरीची खुर्ची

मॅडमनी खुर्ची टेबलावर उलटी केली आणि मान वर न करताच म्हणाल्या, "बॅटरी जवळ धरा. अजून. हां, इथं."

चावीवालीने बॅटरी धरली. सोमवार होता, संग्रहालयाच्या सुट्टीचा दिवस, आणि मधल्या दालनातली मोठी काचपेटी तिच्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच उघडी पडली होती. पेटीची चावी तिच्याच जुडग्यात होती, पण कुलपात फिरवायची वेळ कधी आली नव्हती. मघाशी खुर्ची बाहेर काढताना तिने ती मॅडमच्या हातात दिली नाही. पोटाशी धरून स्वतःच टेबलापर्यंत आणली. वाटली होती त्याहून हलकी निघाली.

खुर्ची कसली, लाकडी सांगाडाच. बसायला हातभर फळी, पाठ टेकायला दुसरी, पाय ठेवायला खाली तिसरी. मागून दोन पट्टे खांद्यांसाठी आणि एक रुंद चामड्याचा पट्टा कपाळासाठी. ती पाठीवर घ्यायची असते. घेणाऱ्याची आणि बसणाऱ्याची पाठीला पाठ लागते, म्हणजे घेणारा पुढे बघतो आणि बसणारा मागे.

"हे बघा," मॅडम खालच्या फळीवर बोट ठेवून म्हणाल्या. फळीवर बारीक बारीक टोचे होते, शेकड्यांनी. "मला आधी कीड वाटली. पण किडीची भोकं आत जातात. हे वरून दाबून झालंय. खिळ्यांचे बूट आहेत हे, बर्फावर चालायचे." मग त्या हसल्या. "तुमच्याकडच्या नवऱ्या लग्नात खिळ्यांचे बूट घालायच्या का हो?"

थट्टेनेच विचारलं होतं. पण बॅटरीचा उजेड हलला आणि मॅडमनी मान वर केली.

पेटीवर पितळी पाटी होती. चावीवालीने ती रोज एकदा याप्रमाणे किती हजार वेळा पुसली असेल त्याचा हिशेब नाही. 'नवरीची खुर्ची. खिंडीपलीकडच्या वधूस या खुर्चीत बसवून सासरी आणीत. पाठीवरील फूल हे मांगल्याचे चिन्ह. देणगीदार : अज्ञात.'

"नवरीची नाही ती," चावीवाली म्हणाली. "माझ्या बाबांची आहे."

एवढं बोलायला तिला एक्केचाळीस वर्षं लागली होती. बोलून झाल्यावर तिला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. खिडकीबाहेर डोंगर होते तिथेच होते. मॅडमनी फक्त बॅटरी तिच्या हातातून काढून घेतली, विझवली, आणि बसायला स्टूल पुढे केलं.

मॅडम बाई भली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आठ महिन्यांपूर्वी संग्रहपाल म्हणून बदलून आली ती एक ध्यास घेऊनच. आजवर या संग्रहालयाने डोंगरातल्या माणसांबद्दल सांगितलं, आता माणसांना स्वतः सांगू द्यायचं. जुन्या पाट्या एकेक करून उतरवायच्या, वरच्या वस्तीतल्या लोकांना बोलावून विचारायचं, आणि नव्या पाट्या त्यांच्या शब्दांत लिहायच्या. तिचं चुकत होतं ते एवढंच, की लोकांना आपला इतिहास माहीत असतो असं तिला वाटायचं.

या खुर्चीबद्दल तिने वस्तीतल्या चौदा जणांना विचारलं होतं. चौदाही जणांनी नवरीचं सांगितलं. कोणाची आजी यात बसून आली होती, कोणाची पणजी. एकीने तर नवरीला उतरवताना म्हणायचं गाणंही म्हणून दाखवलं. मॅडमनी ते सगळं भक्तिभावाने ध्वनिमुद्रित केलं. हे सगळे शाळेत असताना सहलीला याच संग्रहालयात आले होते, रांगेत उभं राहून हीच पाटी त्यांनी वहीत उतरवून घेतली होती, हे तिला कोण सांगणार? ज्या चावीवालीने तेव्हा दार उघडलं होतं तिनेच सांगायचं.

ती सांगू लागली. रस्ता व्हायच्या आधी खालच्या गावातून बर्फाचा कडा बघायला हौशी माणसं यायची. श्रीमंत, वजनदार, पायांना सवय नसलेली. त्यांना पाठीवर घेऊन वर नेणारे ते खुर्चीवाले. वस्तीतले सगळे बाप्ये तेच करायचे. नाक्यावर पन्नास पन्नास खुर्च्या ओळीत लागत. आपली ओळखू यावी म्हणून जो तो पाठीवर खूण कोरायचा. कोणाचा मासा, कोणाची चांदणी.

"बाबांचं फूल. सहा पाकळ्यांचं. एक पाकळी मोठी झालीय बघा, चाकू घसरला होता."

मॅडमनी खुर्ची सुलटी केली. एक पाकळी मोठी होती.

मग रस्ता झाला, मोटारी आल्या, आणि खुर्च्या चुलीत गेल्या. बाबांची तेवढी राहिली, कारण तिच्यावर कोंबड्या बसायच्या. चावीवाली अकरा वर्षांची असताना वस्तू गोळा करणारे एक साहेब वस्तीत आले. त्यांनी कोंबड्या हाकलल्या, फुलावरची घाण स्वतःच्या रुमालाने पुसली आणि विचारलं, "ही नवरीला आणायची का?" भोवती दहा-बारा माणसं उभी होती, सगळी एके काळची खुर्चीवाली. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. आपण माणसांची ओझी वाहिली, परक्याचे बूट कमरेशी लटकवून चाललो, हे त्या स्वच्छ रुमालवाल्यापुढे कोणाला सांगवेना.

"बाबा 'हो' म्हणाले. मागून आणखी कोणी तरी म्हणालं, नवरीचीच. मग सगळेच बोलायला लागले. मी चहाचं ताट धरून उभी होते. सगळी इतकी खुशीत होती, मॅडम. मी त्यांना तशी कधी बघितली नव्हती."

पुढे संग्रहालय झालं. त्यात बाबांनाच शिपायाची नोकरी लागली, आणि जन्मभर त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला ही नवरीची खुर्ची दाखवली. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. बाबांच्या कपाळी पट्ट्याने पडलेला खड्डा होता, बोट आडवं मावेल एवढा, आणि तो मात्र खरा होता. टोपी ते घरातही काढत नसत. शेवटच्या आजारपणात एकदा मुलीला म्हणाले, "माझ्या पाठीवर जे बसले त्यांची नावं खालच्या गावच्या हॉटेलच्या वहीत आहेत. माझं कुठंच नाही." ती म्हणाली होती, "मी लावीन, बाबा." या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती. पाटीवर अजूनही 'अज्ञात'च होतं, आणि ते ती रोज चकचकीत करत होती.

मॅडम म्हणाल्या, "पाटी बदलायची तर संग्रहालयाच्या समितीपुढे दोन साक्षी लागतात. एक तुम्ही. पण तुम्ही नोकरीत आहात, शिवाय तुमचा जन्म रस्ता झाल्यानंतरचा. डोळ्यांनी बघितलेलं कोणी आहे?"

"आई आहे."

"त्यांना आठवतं?"

"सकाळी आठवतं," चावीवाली म्हणाली.

ते खरंच होतं. आई ऐंशीच्या पुढची. सकाळी उठली की तिचं डोकं घासलेल्या भांड्यासारखं लख्ख असायचं. कोणाचं कोणाशी वाकडं, कोणत्या शेजारणीने कोणत्या वर्षी चाळण नेऊन परत केली नाही, सगळं तोंडपाठ. अकरानंतर एकेक गोष्ट हातातून सुटायला लागायची. जेवण झालं की समोर येईल ते खरं, कानावर पडेल ते आपलं.

मंगळवारी सकाळी चावीवालीने आईच्या केसांना कंगवा लावता लावता विचारलं, "आई, तुला लग्नात खुर्चीत बसवून आणलं होतं का गं?"

"कोणाला? मला?" आई एवढी हसली की कंगवा अडकला. "मी आले चालत. दोन दिवस. डोक्यावर ट्रंक. तुझ्या बाबांना खिंडीत गिऱ्हाईक भेटलं ना."

"लग्नाच्या दिवशी?"

"मग? आयतं चालून आलेलं कोण सोडतंय. वरात काय पळून जाते का म्हणाले. हे पुढं, ह्यांच्या पाठीवर तो जाड्या, आणि मी मागं. तो बसलेला माझ्याकडे तोंड करून. दोन दिवस त्याचं थोबाड बघत आले मी. खात होता मेला सारखा. नवऱ्याचं तोंड बघितलं ते घरी आल्यावर." आई जरा थांबली. "टोपी काढली तर कपाळ सोललेलं. रक्त. मी नवी नवरी, बोलायची चोरी. उठले, चुलीपाशी तेलाची वाटी होती, ती घेतली आणि लावलं. मग रोजच लावायला लागले."

बुधवारी सकाळी तिने पुन्हा विचारलं. आईने पुन्हा तेच सांगितलं, वर जाड्याच्या मिश्या कशा होत्या तेही सांगितलं. चावीवालीने समितीच्या कारकुनाला गाठून गुरुवारी सकाळी दहाची वेळ मागून घेतली. आईचं घरीच ध्वनिमुद्रण करून घ्यावं असं मॅडमच्या मनात होतं, पण मागे एका प्रकरणात पढवून वदवून घेतल्याचा आरोप झाल्यापासून समिती समोरासमोरच ऐकत असे.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. बुधवारी संध्याकाळी तिचा चुलतभाऊ आला. हा संग्रहालयाच्या अंगणात फोटो काढायचा. खुर्चीची हुबेहूब नक्कल त्याने करून घेतली होती, लाल रंगाची, आणि नवी जोडपी तीत बसून फोटो काढून घेत. तो आला, आईच्या पाया पडला, बसला आणि पाण्याचा तांब्या हातात घेऊन न पिताच बोलायला लागला.

"ताई, ऐकतोय ते खरं का?"

"खरं आहे."

"काय मिळणार तुला? आपले बाप खुर्चीवाले होते, माणसांचे हमाल, हे काचेत लावायचंय? झाकली मूठ सव्वा लाखाची, राहू दे ना झाकलेली."

"तुझा धंदा बुडणार नाही. लोकांना फोटोशी मतलब."

"धंदा गेला खड्ड्यात." त्याने तांब्या खाली ठेवला. "माझी पोरगी शाळेत सांगते, आमच्याकडे नवरीला जमिनीला पाय लावू देत नव्हते. ताठ उभी राहून सांगते. तिला मी काय सांगू?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि काकांनी ते खोटं सांगितलं ते कोणासाठी? आपल्यासाठीच ना? त्यांनी आपल्याला दिलेली तेवढीच एक वस्तू. ती तू काढून घेणार."

चावीवाली उठून दिवाबत्तीला लागली. तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं की त्याला खुर्चीवाला शब्द माहीत आहे, सगळं माहीत आहे. त्याच्या वडिलांची खूण मासा होती.

गुरुवारी दहाला पाच कमी असताना ती आईला घेऊन संग्रहालयात पोचली. आईने नवं लुगडं नेसलं होतं आणि जीपवाल्याला वाटेत त्याच्या आजीच्या भानगडी ऐकवल्या होत्या. डोकं लख्ख होतं. पण समितीचे अध्यक्ष खालून निघाले होते, पोचले नव्हते. वाटेत दरड आली होती म्हणे. कारकून म्हणाला, "अर्धा तास."

बाहेरच्या लांब ओसरीत वारा घुसत होता. आईच्या बोटांची नखं निळी पडायला लागली. चावीवालीने आजूबाजूला पाहिलं. सगळ्या इमारतीत शेगडी एकाच ठिकाणी होती, प्रवेशाच्या दालनात, बाकासमोर. तिने आईला तिथे नेऊन बसवलं, गुडघ्यांवर शाल टाकली, हात चोळून दिले.

"ऊब आहे इथं," आई म्हणाली. "तू जा तुझ्या कामाला."

आणि ती गेली. अध्यक्ष येईपर्यंत बाकीच्या दोन सभासदांना नवी मांडणी बघायची होती, आणि दारं उघडायला चावीवाली लागणारच. एक दालन झालं, दुसरं झालं. त्यांनी प्रश्न विचारले, मॅडमनी उत्तरं दिली. अध्यक्ष साडेअकराला आले, त्यांनी आधी चहा घेतला, मग अंदाजपत्रकाचा विषय आधी घेऊ म्हणाले. चावीवाली दोनदा आईकडे जायला निघाली आणि दोन्ही वेळा कोणी तरी तळघराची किल्ली मागितली. सव्वाला ती कशीबशी सुटली.

आई होती तिथेच होती. गाल शेगडीने लाल झाले होते. समोरच्या भिंतीवर, नेहमीप्रमाणे, संग्रहालयाचा माहितीपट चालू होता.

चावीवाली दारातच थांबली. सत्तावीस वर्षांत तिने इतकं बावळटपणाचं काही केलं नव्हतं. नऊ मिनिटांचा तो माहितीपट सकाळी सुरू केला की दार लावेपर्यंत फिरून फिरून लागत राही. तिला तो भिंतीच्या रंगासारखा झाला होता, दिसायचाच बंद झाला होता. पडद्यावर एक गोरीपान नटी खुर्चीत बसून खिंड उतरत होती, मागे बघत होती, पदराने डोळे टिपत होती. निवेदक भरल्या आवाजात सांगत होता, "तोंड मागे असल्याने नवरीला माहेर शेवटपर्यंत दिसत राही." आई मन लावून बघत होती. तीन तास बघत होती.

"आई," चावीवालीने खाली बसून तिचे हात धरले. "आई, तू चालत आलीस ना? ट्रंक घेऊन? तो जाड्या आठवतो ना?"

"गप," आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "पोचेल आता ती."

दीडला बोलावणं आलं.

समितीच्या खोलीत टेबलाच्या मधोमध खुर्ची ठेवली होती. अध्यक्ष थोराड, मऊ बोलणारे गृहस्थ होते. ते उठून उभे राहिले, आईला स्वतः धरून बसवलं. भिंतीशी वस्तीतले चार-पाच जण होते, त्यांत चुलतभाऊही. मॅडमनी चावीवालीला मान हलवून धीर दिला आणि टिपणाच्या कागदावर तारीख घातली.

"आजी," अध्यक्ष म्हणाले, "ही ओळखलीत का?"

आईने हात लांब केला. फुलावरून बोटं फिरवली. मोठ्या पाकळीवर ती बोटं थांबली.

"न ओळखायला काय झालं," आई म्हणाली. "हीच की. हिच्यात बसून मी आले."

भिंतीपाशी कोणी तरी सुस्कारा सोडला. मॅडमचं पेन थांबलं.

"लग्नात?"

"मग? नवी नवरी मी. लाल लुगडं. जमिनीला पाय लागू दिला नाही." आईचा चेहरा असा फुलला होता की अध्यक्षही नकळत हसले. "तोंड मागं असतं हिच्यात. माहेर दिसत होतं. शेवटपर्यंत दिसत होतं."

"आणि पाठीवर कोणी घेतलं होतं? भाऊ होता का?"

"अगं बाई, भाऊ कशाला?" आई लाजली. ऐंशी ओलांडलेली बाई पदर तोंडाला लावून लाजली. "ह्यांनीच."

खोलीत सगळे हसले, मायेने हसले. एक सभासद दुसऱ्याला म्हणाला, "म्हणजे वर स्वतः वधूला पाठीवर घेऊन येई. हे नवीन आहे. हे पाटीवर यायला हवं."

मॅडम वळल्या. "ताई, तुम्हाला त्यांना काही विचारायचंय? विचारा. वेळ आहे."

चावीवाली उभी होती. विचारायला एकच प्रश्न पुरला असता. ट्रंक कोणाच्या डोक्यावर होती? कदाचित आई गडबडली असती, कदाचित त्या जाड्याच्या मिश्या आठवल्या असत्या. तिने आईकडे बघितलं. आई खुर्चीकडे बघत होती. दोन दिवस परक्याचं तोंड बघत, पायांना फोड घेऊन आलेली ती बाई पासष्ट वर्षांनी पहिल्यांदाच नवऱ्याच्या पाठीवर बसली होती. चुलतभाऊ भिंतीशी होता, त्याने मान खाली घातली होती. जिंकल्याचा काही आनंद त्याच्याही तोंडावर दिसत नव्हता.

"नाही," चावीवाली म्हणाली. "काही नाही विचारायचं."

"मग तुमचं सोमवारचं म्हणणं?"

"लहान होते मी. माझा काही घोटाळा झाला असेल."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. मग पेनाला टोपण लावलं. त्या खिळ्यांच्या बुटांचं काय ते विचारणार होत्या, तोंड उघडलंही होतं, पण अध्यक्षांनी आधीच घड्याळ पाहिलं होतं. दरडीचा रस्ता, अंधाराच्या आत खाली पोचायला हवं. मजकूर तिथल्या तिथे ठरला. पाटी आता पितळी नसणार होती, उजेडाची असणार होती, मागून दिवा असलेली. 'वर स्वतः वधूला पाठीवर घेऊन येई.' खाली, लोकांच्या शब्दांत म्हणून, आईचं वाक्य. देणगीदाराच्या रकान्यात काय लिहायचं असं कारकुनाने विचारलं, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "जुन्यावर जे आहे तेच राहू द्या."

कागद सगळ्यांच्या सह्यांसाठी फिरला. चावीवालीनेही साक्षीदार म्हणून सही केली. आपलं खरं नाव लिहायला तिला जरा वेळ लागला.

बैठक संपून आत चहा सुरू झाला. जीप यायला अर्धा तास होता. चावीवाली आईला घेऊन मागच्या दाराने पायरीवर आली, तिथे ऊन होतं. खाली उतारावर लाल खुर्ची उभी होती, तिच्यात कोणी बसलेलं नव्हतं. आई पायरीवर टेकली आणि पाय पुढे केले. एका बुटाची नाडी सुटली होती. चावीवाली तिच्यासमोर खालच्या पायरीवर उकिडवी बसली आणि नाडी बांधायला लागली. गाठ बसेना. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिने पुसलं नाही, हात नाडीत होते.

"अहो," आई म्हणाली.

चावीवालीला वाटलं मागून कोणी आलं. तिने मान वळवली. कोणी नव्हतं.

आईचा हात तिच्या कपाळावर आला. थंड, खरखरीत हात. अंगठा एका भुवईच्या वरून निघाला आणि आडवा, सावकाश, दुसऱ्या भुवईकडे सरकत गेला. मधे थांबला. परत फिरला. दुसऱ्यांदा तो जास्त दाबून फिरला, अंधारात उंबरठा चाचपावा तसा.

"खड्डा कुठं गेला?" आई म्हणाली. स्वतःशीच म्हणाल्यासारखी.

चावीवाली हलली नाही. मागे दार किलकिलं होतं. आतून कपबश्यांचा आवाज येत होता, आणि त्यात मॅडमचाही आवाज होता, दहा पावलांवर. हाक मारली असती तर त्या आल्या असत्या. येऊन त्यांना दिसलं काय असतं? एक म्हातारी लेकीच्या कपाळावरून हात फिरवतेय.

आईने डाव्या हाताने शेजारच्या पायरीवर चाचपलं. वाटी असायची त्या जागी. तिथे काही नव्हतं. तरी तिने दोन बोटं टेकवली, उचलली, आणि ती कोरडी बोटं चावीवालीच्या कपाळावर, नेमकी जिथे पट्टा बसतो त्या रेघेवर, एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत ओढली.

"आज नाक्यावर कोणी भेटलं नाही वाटतं तुम्हाला," ती म्हणाली. "बरं झालं. एक दिवस तरी." बोटं फिरतच राहिली. "दुखतंय का?"

चावीवालीने नाडी सोडून दिली.

"थोडंसं," ती म्हणाली, आणि आईचा हात नीट पोचावा म्हणून कपाळ आणखी खाली केलं.